आज काय फिरवलंत?

वाइंडरकाकांना पंख्याच्या जळालेल्या मोटारीचा वास आवडायचा. विचित्रच माणूस! लोक नाक दाबून पंखा त्यांच्या टेबलावर ठेवायचे, आणि हे झाकण उघडून आत नाक घालायचे. "गेलीय," म्हणायचे, "पण येईल परत." मग जळकी तार कापून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि बटण दाबायचं. पंखा फिरला की काका हात पुसायचे. उभं आयुष्य त्यांनी हेच वाइंडिंगचं काम केलं. दुसरं काही करावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

तार गुंडाळायला त्यांच्याकडे एक छोटं हातमशीन होतं. हँडल फिरवलं की साच्यावर तारेचे फेरे बसत जातात. फेरे ठरलेले असतात, एक कमी चालत नाही की एक जास्त. मशीनला फेरे मोजणारा काटा होता, पण तो लग्नानंतर लगेचच बिघडला आणि मोजायचं काम काकूंकडे आलं. काका हँडल फिरवायचे, काकू समोर स्टुलावर बसून मोजायच्या. मध्ये कुणी बोलायचं नाही. कुणी "आहात का काका?" असा ओरडत आला आणि मोजणी चुकली, तर गुंडाळलेली सगळी तार उलगडायची आणि एकपासून पुन्हा सुरुवात. अंदाजाने पुढे रेटायचं नाही, हा दुकानाचा नियम. काकू त्या गिऱ्हाइकाकडे अशा काही बघायच्या की पुढच्या खेपेला तो बिचारा दारातच खोकत उभा राहायचा.

आता तुम्ही म्हणाल, गावभरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो एवढासा काटा दुरुस्त करता येऊ नये? येत होता हो! हातोहात झाला असता. पण काटा दुरुस्त झाला असता तर काकू स्टुलावर कशाला येऊन बसल्या असत्या? हे काकांना कळत होतं, काकूंनाही कळत होतं. बोलत मात्र दोघंही नव्हती.

ज्या दिवशी काकूंना दुकानात यायला जमत नसे, त्या दिवशी संध्याकाळी काका घरी येऊन हात धुवायला बेसिनपाशी उभे राहिले की मागून प्रश्न यायचा, "आज काय फिरवलंत?" मग काका सांगायचे. शाळेतला पंखा. बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र. न्हाव्याच्या दुकानातला तो खडखड्या. "सुटला बाई एकदाचा न्हावी," काकू म्हणायच्या, आणि टॉवेल पुढे करायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळच्या गप्पा म्हणजे ह्याच.

पुढे पंखे दुरुस्त करायची रीतच गेली. बिघडला, फेक, नवा आण! काकांच्या टेबलावर धूळ बसायला लागली. दुकानाला टाळं लावायची वेळ आली, तेवढ्यात गावाबाहेरच्या बंद पडलेल्या सूतगिरणीत काहीतरी नवीन सुरू झालं. तिथे फळ्याफळ्यांवर यंत्रं मांडलेली, बुटांच्या खोक्याएवढी, शेकड्यांनी. रात्रंदिवस चालणारी आणि भट्टीसारखी तापणारी. ती गार ठेवायला भिंतीत माणसाएवढाले एक्झॉस्ट पंखे, आणि त्यांच्या मोटारी सारख्या जळायच्या. काकांना बोलावणं आलं. आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. काका गेले, एका मोटारीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हिचं बेअरिंग रडतंय." त्याच दिवशी नोकरी पक्की.

आणि त्याच सुमारास काकू विसरायला लागल्या.

आधी किल्ल्या, मग शेगडीवरचं दूध. मग एकदा गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून आपलं घर कोणतं म्हणून शेजारच्या शिवणवाल्या ताईंना विचारलं. ताईंनी हसण्यावारी नेलं आणि हाताला धरून घरी आणलं, पण संध्याकाळी काकांना सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, "हे बरं होणारं दुखणं नाही. गोळ्यांनी थोडं धरून ठेवता येईल. रोजच्या गोष्टी रोजच्यासारख्या चालू ठेवा. जे आठवतंय त्याला धक्का लावू नका."

किल्ल्या गेल्या, गल्ली गेली, वार गेले. पण संध्याकाळी बेसिनचा नळ सुटला की मागून आवाज यायचाच. "आज काय फिरवलंत?" काकांनी मनाशी खूणगाठ बांधली, जोवर ही हे विचारतेय तोवर मी कोण हे हिला ठाऊक आहे. दिवसभर त्या भट्टीत त्यांचा जीव त्या एका प्रश्नावर टांगलेला असायचा. आज विचारील ना?

विचारायच्या. पण उत्तर देणं अवघड व्हायला लागलं.

"मोठा पंखा फिरवला," काका सांगायचे.

"कुणाचा?"

"यंत्रांचा."

"यंत्रांना कशाला हवा वारा?"

"तापतात गं. काम करतात ना."

"काय काम करतात?"

इथे गाडी अडायची. काका म्हणायचे, "हिशेब करतात." "कसला हिशेब?" आता काय सांगणार, कपाळ! रोज नव्याने विचारायच्या, आणि रोज काकांचं उत्तर तिथेच संपायचं. बेकरीवाला माहीत होता, न्हावी माहीत होता. ह्या यंत्रांचा वारा शेवटी कुणाला लागतो, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तो भुंगा त्यांच्याही डोक्यात शिरला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिथल्या इंजिनिअरला गाठलं. तरणा मुलगा, मनाने चांगला. सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि तो लाजायचा.

"साहेब, ही यंत्रं बनवतात काय?"

"बनवत काही नाहीत काका. आकडे शोधतात."

मग त्याने डबा बाजूला सारला आणि समजावून सांगितलं. जगभर काही लोक एक चलन वापरतात, नुसतं आकड्यांचं. त्याला बँक नाही, सरकार नाही, मालक नाही. कुणी कुणाला किती दिलं त्याची एकच मोठी वही, आणि तिची नक्कल हजारो लोकांकडे. प्रश्न असा, की पुढचं पान कुणी लिहायचं? कुणीही लिहायला लागलं तर चोरांचं फावेल. म्हणून एक कठीण अट घालून ठेवलीय. पानावरचा मजकूर, आधीच्या पानाची खूण आणि मनाने घेतलेला एक आकडा, हे सगळं एका सूत्रात घालून दळायचं. उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं तर पान तुझं, आणि बक्षीस म्हणून नवी नाणी तुझी. नाही आलं तर दुसरा आकडा घे. डोकं चालवून आकडा सापडत नाही, नुसते अंदाज करत राहायचं. "आपली यंत्रं तेच करतात. एका सेकंदात अंदाज किती होतात ते मोजायला तुमच्या बोटांची पेरं पुरायची नाहीत."

"आणि चुकलेले अंदाज?"

"फेकून द्यायचे."

"आणि बरोबर आलेला? तो कुठे लागतो? औषधाला, पावसापाण्याच्या अंदाजाला, कशाला तरी?"

"कशालाच नाही काका. मेहनत झाली याचा पुरावा, एवढाच त्याचा उपयोग." काकांचा चेहरा बघून तो जरा घाईने म्हणाला, "पण ते फुकट नाही हं! प्रत्येक पान आधीच्या पानावर रचलेलं असतं. जुन्या पानावर कुणाला खाडाखोड करायची असेल, तर त्या पानापासून आजपर्यंतची सगळी मेहनत पुन्हा करावी लागेल, आणि तीही बाकीच्या जगाला मागे टाकून. कुणाची छाती आहे? म्हणून लिहिलेलं पुसलं जात नाही. सगळी वीज, सगळी उष्णता त्यासाठीच."

काका पोळीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. पुसलं जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप! आणि घरी त्यांच्या बायकोचं पान रोज पुसलं जात होतं, ते धरून ठेवायला होत्या चार पांढऱ्या गोळ्या.

त्या संध्याकाळी त्यांनी जमेल तसं खरं सांगितलं. काकू ऐकत होत्या. आधी हसल्या. "म्हणजे अंदाज करायचा आणि फेकून द्यायचा? दिवसभर?" मग त्यांचा चेहरा उतरला. "आणि तुम्ही त्याला वारा घालता? तुम्हाला फसवताहेत हो! कुणाचा पंखा नाही, काही नाही. तुम्ही उगाच राबताय." आणि त्या रडायला लागल्या, लहान मुलासारख्या, थांबेचनात. काकांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. कशासाठी रडतोय हे त्या विसरून गेल्या तरी रडणं थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळ सुटला, प्रश्न आला. यंत्रं काय करतात, इथपर्यंत गाडी आली. पुन्हा तेच रडणं बघायचं? टॉवेलात तोंड पुसता पुसता ते बोलून गेले, "औषध शोधताहेत."

"कशावरचं?"

"विसरण्यावरचं."

काकूंचा चेहरा असा काही फुलला की काकांना वाटलं, गेलं चुलीत ते खरं बोलणं! उद्या सकाळी विसरेलच ही. रोज विसरते. रोज सांगीन. कुणाचं काय जातंय?

त्या विसरल्या नाहीत.

हे कसं झालं देव जाणे. सकाळचा चहा घेतला की नाही हे ज्या बाईला दुपारी आठवत नव्हतं, तिला हे आठवलं. दुसऱ्या संध्याकाळी "आज काय फिरवलंत?" च्या पाठोपाठ नवा प्रश्न आला, "सापडलं का?" काका चरकले. "शोधताहेत," म्हणाले. "हळू हळूच व्हायचं ते," काकूंनीच समजूत घातली, "कठीण हिशेब असतो ना." आणि किती खूश होत्या! केस नीट विंचरायला लागल्या. शिवणवाल्या ताईंना सांगितलं, "आमच्या ह्यांनी पंखे थांबू दिले नाहीत तर लवकर सापडेल." ताईंनी काकांकडे बघितलं, काकांनी नजर चुकवली.

ते दिवस, खोटं कशाला बोलू, काकांचे सुखाचे गेले. गिरणीत एखादी मोटार जळाली की त्यांची धावपळ बघण्यासारखी असायची. साहेब म्हणायचा, "काका, एवढं काय, होऊ दे सावकाश." सावकाश! घरी कुणी वाट बघत होतं. आपण मारलेली थाप खरी व्हावी म्हणून माणूस धावत होता, याला तुम्ही काय म्हणाल? मला तर राग येतो त्यांचा, आणि कीवही येते.

मग एक दिवस ताईंना काकूंच्या बटणांच्या डब्यात गोळ्या सापडल्या. चांगल्या मूठभर. काकू रोज गोळी तोंडात घेत, पाणी पीत, आणि पाठ वळली की काढून डब्यात टाकत. काकांनी विचारलं तर सहज म्हणाल्या, "ह्या उगाच दिलेल्या आहेत हो. खरं औषध यायचंय ना अजून? मग कशाला घ्या?"

काका तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, दुखणं पुढे सरकलंय, गोळ्या घेतल्या असत्या तरी सरकलं असतं कदाचित, नक्की सांगता येणार नाही. नक्की सांगता येणार नाही! हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं त्याला विचारा. बाहेर येऊन काकांनी ठरवलं, आज खरं सांगायचं. संध्याकाळी नळ सोडला. "आज काय फिरवलंत? सापडलं का?" मागे वळून बघितलं तर त्या टॉवेल घेऊन उभ्या, डोळे लकाकताहेत. काकांची जीभ रेटेना. "होईल गं," म्हणाले, "आता होईलच." त्या वेळी बोलले असते तर पुढचं टळलं असतं. पण बोलले नाहीत.

आणि मग ती दुपार. काका शिडीवर चढून एक पंखा उतरवत होते. खाली दारात ताई दिसल्या, हात जोडल्यासारखं करून काहीतरी सांगत होत्या. आवाजात ऐकू काहीच येईना. त्यांच्याबरोबर काकू होत्या. ठेवणीतले कपडे घातलेले, वेणी घट्ट, आणि हातात एक काचेची बाटली. धुऊन, पुसून, स्वच्छ केलेली. सकाळपासून त्यांनी ताईंचं डोकं खाल्लं होतं. मला घेऊन चला, नाहीतर मी एकटी जाते. ह्यांच्या मागे खूप कामं असतात, ह्यांच्या लक्षात राहणार नाही, मीच आणते. शेवटी ताईंचा नाइलाज झाला.

काका शिडीवरून उतरेपर्यंत साहेब पुढे आला होता. काकूंनी बाटली त्याच्यापुढे धरली.

"थोडं तयार झालं असेल तर द्या," त्या म्हणाल्या, "पूर्ण नसलं तरी चालेल."

"काय देऊ काकू?"

"विसरण्यावरचं औषध. तुमची यंत्रं शोधताहेत ते."

त्या पोराला काय ठाऊक! त्याने खाली वाकून, आवाजाच्या वरून, अगदी प्रेमाने सांगितलं, "काकू, इथे औषध नसतं. इथे नुसते आकडे असतात. तुम्हाला कुणी सांगितलं असं?"

काकू फळ्यांकडे बघत राहिल्या. यंत्रांवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, एवढी मोठी खोली, एवढा आवाज. मग त्यांनी काकांकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही म्हणाला होतात," एवढंच बोलल्या. काकांच्या हातात पाना होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी बायकोच्या हातातून बाटली घ्यायला हात पुढे केला, तर काकूंनी ती छातीशी धरली आणि ताईंच्या मागे सरकल्या.

घरी जाताना काका स्वतःची समजूत घालत होते. विसरेल. हेही विसरेल. आणि तसंच झालं. घरी पोचेपर्यंत गिरणी विसरल्या, साहेब विसरला, बाटली कशाला आणली तेही विसरल्या. तिच्यात पाणी भरून खिडकीत ठेवून दिली. काकांनी हुश्श केलं आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडला.

पाणी वाहत राहिलं. काका हात चोळत राहिले, साबण दोनदा लावला. मागून काही आलं नाही.

वळून बघितलं तर काकू खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. परक्या माणसासमोर बसावं तशा. जरा वेळाने अदबीने म्हणाल्या, "तुम्ही पंखा बघायला आलात का? आमचे हे येतीलच एवढ्यात. त्यांच्याशी बोला."

झालं काय ते विसरल्या, पण झालेलं आत कुठेतरी बसलं होतं. निदान काकांना तरी तसंच वाटत राहिलं. डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं, आजाराचा पुढचा टप्पा आहे हा, कधीतरी येणारच होता. असेलही. काकांना कोण समजावणार?

काही दिवसांनी नोकरी सोडायला गेले तेव्हा त्यांनी साहेबाला विचारलं, "ते जुनं पान बदलायचं असेल तर काय करावं लागतं म्हणालात?"

"तिथपासूनचं सगळं काम पुन्हा," साहेब म्हणाला. "पण काका, जमत नाही ते. तोवर बाकीचं पुढे गेलेलं असतं." त्याला ताईंकडून सगळं कळलं होतं. तो उगाचच एका यंत्राकडे बघत राहिला.

काकांनी दुकानातलं हातमशीन घरी आणलं. टेबलाला आवळलं, समोर स्टूल ठेवलं आणि एक जुनी तार घेऊन बसले. पहिल्या दिवशी काकू लांबूनच बघत होत्या. दुसऱ्या दिवशी स्टुलावर येऊन बसल्या. काकांनी हँडल फिरवलं आणि समोरून, कुणी न सांगता, आवाज आला. "एक. दोन. तीन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. शंभराच्या आतच कुठेतरी काकू अडखळतात. आकडा हरवतो, त्या कावऱ्याबावऱ्या होऊन बघतात. "असू दे," काका म्हणतात, आणि गुंडाळलेली सगळी तार उलगडतात. अंदाजाने पुढे जायचं नाही, हा नियम आहे. मग एकपासून पुन्हा. तारेची कॉईल काही पुरी होत नाही. एकदा ताईंनी विचारलं, "हा पंखा कुणाचा आहे काका?" "कुणाचाच नाही," काका म्हणाले. तार तीच ती गुंडाळून वाकडीतिकडी झालीय, मोटारीला ती आता लागायचीही नाही. काटा अजून बिघडलेलाच आहे.

परवा मोजता मोजता काकू थांबल्या. चुकल्या नव्हत्या, मधेच थांबल्या. काकांच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "छान चालतो हो तुमचा हात. आमचे हे पण अगदी असंच गुंडाळतात."

काकांचं हँडल थांबलं. "हो?" म्हणाले.

"हो. फार सरळ माणूस. जन्मात कधी माझ्याशी खोटं बोलले नाहीत. आता येतील, तुमची ओळख करून देते."

मोजणी मधेच तुटली होती, म्हणून काकांनी तार उलगडायला घेतली. सगळी उलगडून झाल्यावर टोक पुन्हा साच्यात अडकवलं आणि म्हणाले, "मोजा."

"एक," काकू म्हणाल्या.